बाबा बरे झाल्यानंतरचा माझा आजार

“अटॅक आला माझ्या भावाला. तो आता रोज तळजाईची टेकडी चढतो. आणि दवाखान्यात कोण बसलंय, तर त्याची मुलगी.”

हे आत्या मला म्हणत नव्हती. वेटिंग रूमच्या काचेच्या दाराबाहेर उभी राहून ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती. आत्याने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे तिचा हळू आवाजही शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. माझ्या समोर बसलेल्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईने भिंतीवरच्या टीव्हीकडे नजर वळवली. टीव्ही बंद होता.

मला राग आला नाही. तिचं म्हणणं मला पटतच होतं.

थोड्या वेळाने माझं नाव पुकारलं. सायकिअ‍ॅट्रिस्ट, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी झोप, भूक, नोकरी असं सगळं विचारलं. मग कुकरची शिट्टी ऐकल्यावर नेमकं काय होतं ते विचारलं. मी सांगितलं. हात गार पडतात, दम लागतो आणि आपण कुठे आहोत ते काही क्षण कळत नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“तुम्हाला पीटीएसडी आहे,” ते म्हणाले. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. भयंकर प्रसंग संपून गेलेला असतो, पण शरीर आणि मन तो अजून चालूच आहे असं धरून वागत राहतं, असा हा आजार.

मी म्हटलं, पण माझ्या बाबतीत काहीच वाईट झालेलं नाही. बाबा बरे आहेत.

“तुम्ही वडिलांना जाताना पाहिलंत,” डॉक्टर म्हणाले. “ते परत आले, ही पुढची गोष्ट. तुमचा मेंदू अजून आधीच्या भागातच आहे.”

हे लिहायला मला बराच वेळ लागला, कारण स्वतःबद्दल बोलायची मला सवय नाही. पण दवाखान्याच्या चकरा मारताना माझ्या लक्षात आलं की माझ्यासारखी माणसं पुष्कळ आहेत. त्यांचा पेशंट बरा होऊन घरी आलेला असतो. लोक शहाळी आणि सफरचंदं घेऊन भेटायला येतात, ती त्या पेशंटसाठी. बाजूला उभं राहून ती सफरचंदं कापणाऱ्या माणसाकडे कुणी पाहत नाही. तुम्ही त्यांच्यातले असाल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आम्ही पुण्यात, बिबवेवाडीत राहतो. बाबांचं मार्केट यार्डात गुळाचं दुकान आहे. मी खराडीला एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी सकाळी बाबा हॉलमध्ये जमिनीवर बसून पेटीतले पिकलेले आंबे वेगळे काढत होते. आईने वरण-भाताचा कुकर लावला होता. बाबा एक आंबा नाकाशी नेऊन हुंगत होते आणि हुंगता हुंगताच आडवे झाले.

आधी मला ती त्यांची थट्टा वाटली. ते तसं करू शकतात.

नंतर कळलं ते असं. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त नेणारी वाहिनी तुंबणं. बाबांना तो आला आणि त्यातून कार्डिअ‍ॅक अरेस्ट झाला, म्हणजे हृदयाचा पंपच थांबला. अशा वेळी छाती जोरात आणि लयीत दाबत राहावं लागतं. त्याला सीपीआर म्हणतात. ऑफिसमध्ये आम्हाला ते एका प्लास्टिकच्या पुतळ्यावर शिकवलं होतं. मी मुद्दाम मागच्या रांगेत उभी होते, तरी प्रात्यक्षिकाला मलाच पुढे बोलावलं. तेव्हा लाजेने मेल्यासारखं झालं होतं. रविवारी त्याचाच उपयोग झाला.

रुग्णवाहिका आली, त्यांनी शॉक दिला, बाबांची नाडी लागली. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि बाबा घरी आले. तुळशीबागेतून आणल्यासारखा नवा कोरा माणूस मिळाला, असं आत्या म्हणाली.

बाबा घरी आले आणि मी बिघडत गेले.

सुरुवातीला कुणालाच कळलं नाही, मलाही नाही. पहाटे जाग आली की मी त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन पांघरूण हलतंय का ते पाहायचे. हलताना दिसलं तरी पुन्हा पाहायचे. ऑफिसमधून काहीतरी कारण काढून फोन करायचे. बाबांनी ‘हॅलो’ म्हटलं की माझं काम झालेलं असायचं. एकदा ते म्हणाले, “मनू, हयातीचा दाखला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का? रोज एक पाठवतो.” मी हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला.

मग कुकर. आमच्या सोसायटीत सकाळी प्रत्येक मजल्यावर शिट्ट्या सुरू होतात. त्या सुरू व्हायच्या आत मी घर सोडू लागले. आमच्या घरात मात्र शिट्टी वाजत नव्हती, कारण आईने कुकर माळ्यावर टाकला होता. ती डाळ पातेल्यात शिजवायची. त्याला खूप वेळ लागायचा. बाबांनी कुरकुर केली, तर कुकरचं रबर गेलंय, असं ती म्हणाली. महिने उलटले तरी नवं रबर आलं नाही. आईला माझ्याबद्दल कळलंय आणि ती न बोलता माझी सोय करते आहे, असं मी धरून चालले. आमच्या घरात असंच असतं. बोलायचं काम बाबांकडे, आम्ही दोघी त्या मानाने मुक्या.

आणि बाबा बोलत होतेच. मार्केट यार्डातून, नात्यातून, सोसायटीतून जो भेटायला येईल त्याला ते त्या रविवारची गोष्ट सांगत. दर खेपेला ती थोडी रंगत जाई. “मी आपला आंबे निवडत होतो, तर वरून बोलावणं. इकडे हिची आई फोनवर, मनू माझ्या छातीवर. मी यमाला म्हटलं, रविवारी यार्ड बंद असतं, सोमवारी या.” पाहुणे हसत. मग सगळे माझ्याकडे बघत. मी तिथे बसलेली असणं हा त्या गोष्टीचाच भाग होता.

त्या वेळी माझ्या कानात घूं असा आवाज सुरू व्हायचा. बाबांचे ओठ हलताना दिसायचे आणि त्याच वेळी ते जमिनीवर निळे पडलेलेही दिसायचे. दोन्ही एकदम. मला वाटायचं, या घरातला एकच माणूस ही गोष्ट सांगतो, आणि ती घडली तेव्हा तेवढाच एक माणूस तिथे नव्हता.

शेवटी ऑफिसच्या पँट्रीत कुणीतरी मायक्रोवेव्हमधून आंब्याचा शिरा काढला आणि मी तिथेच खाली बसले. सहकारी मैत्रिणीने घरी फोन केला. तो नेमका आमच्याकडे आलेल्या आत्याने उचलला. आत्याने अपॉइंटमेंट घेतली, मला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात आणलं. आई आली नाही. बाबांच्या गोळ्यांची वेळ होते, म्हणाली.

डॉक्टरांनी थोड्या काळासाठी झोपेचं औषध दिलं आणि एका थेरपिस्टचा पत्ता दिला. उपचाराचं नाव ईएमडीआर. आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग. सोप्या शब्दांत सांगायचं, तर डोळे डावीकडून उजवीकडे हलवत असताना ती आठवण मनात धरायची, म्हणजे तिची धार कमी होते आणि ती जिथे असायला हवी तिथे जाऊन बसते.

मी चिठ्ठी वाचून आत्याच्या हातात दिली. तिने ती वाचली आणि म्हणाली, “एवढंच असेल तर बॅडमिंटनची मॅच बघ. ती फुकट असते.”

थेरपिस्ट मॅडमची खोली एका बेकरीच्या वर होती. जिना चढताना खारीचा वास यायचा. पहिल्या काही भेटींत डोळे हलवणं वगैरे काहीच झालं नाही. त्यांनी माझा सगळा इतिहास विचारला. मन फार भरून आलं तर परत यायला एक सुरक्षित जागा मनात तयार करून घेतली. मला वाटलं होतं, मी समुद्र किंवा डोंगर सांगेन. प्रत्यक्षात मी बाबांच्या गोदामाचा मागचा कोपरा सांगितला. लहानपणी सुट्टीत मी तिथे गुळाच्या ढेपांना टेकून वाचत बसायचे. थंड, अंधारं आणि गोड.

मी त्यांना विचारलं, हे अडकतं कसं? मला कसं चालतं ते कळल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवता येत नाही. पगारच त्याचा मिळतो.

मॅडमनी समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका दिसला की घंटा वाजवायची, हे त्याचं काम. त्याच्या शेजारी हिप्पोकॅम्पस असतो. तो घडलेल्या गोष्टीवर चिठ्ठी लावतो, की हे अमुक ठिकाणी, अमुक वेळी झालं आणि संपलं. आणि कपाळामागे प्रीफ्रॉन्टल कॉर्टेक्स असतो. तो घरातल्या शहाण्या माणसासारखा म्हणतो, अगं, शेजारचा कुकर आहे, काही नाही. जिवावरचा प्रसंग आला की घंटा इतकी जोरात वाजते, की चिठ्ठी लावण्याचं काम अर्धवट राहतं. मग ती आठवण वास, आवाज, चित्र अशा सुट्या तुकड्यांत आणि तारखेशिवाय राहते. पुढे त्यातला एक तुकडा जरी समोर आला, तरी अमिग्डालाला ते आत्ताच घडतंय असं वाटतं. शहाणा माणूस बोलेपर्यंत उशीर झालेला असतो.

“ओला टॉवेल घडी करून कपाटात ठेवला तर काय होतं?” मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, कपाट उघडलं की वास येतो. बाकीच्या कपड्यांनाही लागतो.

“आपण तो टॉवेल फेकणार नाही आहोत. बाहेर काढून वाळवणार आहोत आणि परत त्याच कपाटात ठेवणार आहोत.”

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. मॅडमनी घाई करू नका असं बजावलं होतं. तरीही एका शनिवारी दुपारी मी यूट्यूबवर एक व्हिडिओ लावला. काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका इकडून तिकडे जात होता. मी हेडफोन घातले, आठवण मनात आणली आणि ठिपक्यामागे डोळे फिरवू लागले. टॉवेल बाहेर निघाला, पण वाळवायला कुणी नव्हतं. पुढचे काही दिवस फार वाईट गेले. तुम्ही तसं करू नका. शिकलेलं माणूस समोर असणं हा उपचारातला वरवरचा भाग नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “टेस्टिंगवाले तुम्ही. थेट प्रॉडक्शनवर, चालू सिस्टिमवर टेस्ट केलीत?” मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर मोकळी हसले.

मग खरी सेशन्स सुरू झाली. मॅडम माझ्या समोर, पण जरा बाजूला बसायच्या. दोन बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरून डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, अशी बऱ्यापैकी वेगाने न्यायच्या. डोकं स्थिर ठेवून मी फक्त डोळ्यांनी त्या बोटांचा माग काढायचा. अर्ध्या-एक मिनिटाने थांबायचं, श्वास घ्यायचा आणि काय आलं ते एका वाक्यात सांगायचं. चांगलं-वाईट काही ठरवायचं नाही. मॅडम नुसतं “ठीक, त्याच्याबरोबर राहा” म्हणायच्या आणि बोटं परत सुरू. मला एका गोष्टीचं बरं वाटलं. बोटांकडे बघायचं असल्यामुळे मॅडमच्या डोळ्यांकडे बघावं लागत नव्हतं.

सुरू करण्याआधी त्या सगळ्यात वाईट चित्र निवडायला सांगायच्या आणि ते आत्ता शून्य ते दहापैकी किती त्रास देतं ते विचारायच्या. मी बाबांचा निळा पडलेला चेहरा निवडला. नऊ. चेहऱ्यावर काम झालं, चेहरा थोडा पुसट झाला, आकडा सातावर आला. आणि तिथेच बसला. पुढच्या आठवड्यातही सात.

मी हे सगळं इंग्रजीत सांगत होते. माझी शाळा इंग्रजी, ऑफिस इंग्रजी. कठीण गोष्टी मला इंग्रजीतच नीट बोलता येतात, कारण त्या मला तिथे लागत नाहीत. मॅडमच्या ते लक्षात आलं होतं. एका सेशनला बोटं खाली घेऊन त्या म्हणाल्या, “त्या दिवशी तुमच्या घरात कुणी इंग्रजी बोलत होतं का?”

मी नाही म्हटलं.

“मग जे ऐकू येतंय, ते जसं आलं तसं सांगा.”

बोटं पुन्हा सुरू झाली. आंब्याचा वास आला. शिट्टी आली, एकामागून एक, कारण गॅस बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मग बाबांचा चेहरा बाजूला गेला आणि आईचा हात दिसला. हातात देवघरातली तांब्याची कुपी होती. आत्याने काशीहून आणलेलं गंगाजल त्या कुपीत असायचं. दुसऱ्या हातात तुळशीचं पान. आई बाबांच्या डोक्याशी बसली होती आणि ती कुपी त्यांच्या ओठांना लावायला बघत होती. मी छाती दाबत होते आणि मध्येच तिचा हात झिडकारत होते. कुपी फरशीवर पडल्याचा आवाज आला. आई अगदी शांतपणे म्हणाली, “गेलेत गं ते. सोड त्यांना.”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी कुणी काय केलं ते हॉस्पिटलमध्ये विचारलं, तेव्हा मी म्हणाले होते, आई रुग्णवाहिकेला फोन करत होती. खरं तर फोन मीच स्पीकरवर लावून बाजूला ठेवला होता. पण आई कोपऱ्यात उभी होती, तिच्या साडीला पाण्याचे डाग होते, आणि मला तिला काहीतरी काम द्यायचं होतं. बाबांनी तेच वाक्य उचललं. हिची आई फोनवर, मनू माझ्या छातीवर. आणि नेमक्या त्याच वाक्याला आई प्रत्येक वेळी उठायची. चहा टाकते, म्हणायची. देवघरात कुपीच्या जागी आता नुसता गोल डाग होता. मी हे सगळं पाहत होते, पण पाहिलेलं एकत्र जोडत नव्हते.

मॅडमनी विचारलं, आई ‘गेलेत’ म्हणाली, तेव्हा तुमच्या आत काय झालं?

मी खूप वेळ रडले आणि मग मराठीत म्हणाले की मलाही पटलं. हात चालू होते, पण ते बाबांना वाचवायला नव्हते. थांबा असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून चालू होते. माझ्या आत बाबा त्या क्षणी गेले. त्यांना परत आणल्याचं मला सगळ्यांनी सांगितलं, पण आत कुणी सांगितलं नाही.

“आता सांगू या,” मॅडम म्हणाल्या. बोटं सुरू झाली.

पुढचं नीट वर्णन करता येत नाही. कुणी मला काही पटवलं नाही. चित्र आपोआप पुढे सरकू लागलं, इतकंच. आधी ते त्या कुपीवर अडकायचं. आता कुपीनंतर जिन्यावरचे बूट ऐकू आले. मग शॉकच्या मशीनचा आवाज. मग बाबांच्या हाताचं एक बोट हललं, तेही आंब्याच्या चिकाने माखलेलं. ते बोट मी तेव्हाही पाहिलं असणार, पण मला ते आठवतच नव्हतं. मग आयसीयूबाहेरचा बाक, मग घरी आलेले बाबा लिफ्टमध्ये शीळ घालताना. आकडा चारावर आला. त्यानंतरच्या भेटीत एकावर.

हे कसं होतं? मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं की पूर्ण खात्रीने कुणालाच माहीत नाही. काही अंदाज आहेत. मला सगळ्यात पटलेला अंदाज वर्किंग मेमरीचा. वर्किंग मेमरी म्हणजे आत्ता या क्षणी हाताळत असलेल्या गोष्टी ठेवायची मनातली जागा. मी तिला ओटा म्हणते. आमच्या स्वयंपाकघरासारखाच तो अगदी लहान असतो. आठवणीला पूर्ण पसरून बसायला सगळा ओटा लागतो. पण त्याच वेळी बोटांचा माग काढायचं कामही ओट्यावर आलं, तर आठवणीला अंग चोरून बसावं लागतं. तिचे रंग फिके होतात, आवाज लहान होतो. आणि कपाटातून काढलेली आठवण परत ठेवताना मेंदू ती बहुधा त्या फिक्या रूपातच ठेवतो.

दुसरा अंदाज झोपेचा आहे. स्वप्नं पडतात त्या झोपेत, म्हणजे आरईएम झोपेत, बंद पापण्यांखाली आपले डोळे भराभर हलतात आणि मेंदू दिवसाच्या आठवणींची आवराआवर करतो असं मानतात. ईएमडीआर कदाचित जागेपणी तसंच काहीतरी सुरू करत असेल. तिसरा असा, की आजूबाजूला नजर फिरवून धोका नाही असं दिसलं की शरीर आपसूक सैल पडतं. डोळे हलवल्याने अमिग्डालाच्या घंटेचा आवाज कमी होत असेल. आणि काही तज्ज्ञ म्हणतात की डोळ्यांचं एवढं कौतुक नको. सुरक्षित माणसासमोर आठवणीला सामोरं जाणं, हेच खरं औषध. काही जणांना बोटांऐवजी तळहातावर आळीपाळीने हलक्या टपल्या देतात, आणि त्यांनाही गुण येतो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक प्रकारचा कोड असतो. तो का चालतो ते कळत नाही, पण चालतो, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. मी माझा संशय तेवढ्यावर मिटवला.

सगळ्यांना इतक्या लवकर गुण येईल असं नाही. माझा प्रसंग एकच होता. ज्यांच्या आयुष्यात असे अनेक असतात, त्यांना जास्त वेळ लागतो, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. सेशननंतर एक-दोन दिवस स्वप्नं पडतात, अंग गळून जातं. सुट्टी मिळत असेल तर घ्या. आणि मधेच आकडा अडकला, तर आपलं काही चुकतंय असं समजू नका. कदाचित तुम्हीही माझ्यासारखं चुकीचं चित्र धरून बसला असाल.

बदल हळूच कळले. एका सकाळी मी सात वाजता जागी झाले आणि लक्षात आलं की बाबांचं पांघरूण बघायला गेलेच नव्हते. ऑफिसमधून फोन करायचे राहू लागले. एके दिवशी बाबांनीच संध्याकाळी विचारलं, “काय मॅडम, आज आमची हजेरी घेतली नाहीत?” सकाळी शेजारच्यांची शिट्टी झाली. मी दचकले, पण नंतर ती फक्त शिट्टी होती. वरणाची असावी.

शेवटच्या भेटीला आत्या पुन्हा सोबत आली. खाली उतरताना तिने बेकरीतून खारी घेतली आणि म्हणाली, “म्हणजे खरंच झालं की काहीतरी. मी आपली उगाच बॅडमिंटन बघत बसले.” मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू आजारी होतीस, हे मला कळायला हवं होतं.” आत्याच्या तोंडून हे म्हणजे पैकीच्या पैकी मार्क.

आता उरलेलं सांगते.

गेल्या रविवारी लोणी काळभोरचे एक गूळवाले काका भेटायला आले. बाबांशी त्यांची जुनी देवघेव, पण बाबांच्या आजाराचं त्यांना उशिरा कळलं होतं. त्यांनी गुळाची ढेप आणली होती. आईने त्यांना जेवायला थांबवून घेतलं. बाबांना नवा श्रोता मिळाला. मी समोरच्या खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा ती गोष्ट पूर्ण ऐकली. कानात घूं झालं नाही. बाबा खूप छान सांगतात. यमाच्या वाक्याला मीही हसले.

“दादा, पोरगी वाघीण हाय तुमची,” काका म्हणाले.

पण त्याच्या थोडं आधी, हिची आई फोनवर, या वाक्याला आई उठून आत गेली होती.

मी तिच्या मागे गेले. पातेल्यात डाळ अर्धीकच्ची उकळत होती आणि बाहेर माणूस जेवायचा थांबला होता. मी म्हटलं, आई, माळ्यावरचा कुकर काढते, त्यात लावू या पटकन. आता मला चालतो.

“तुला चालतो गं,” आई म्हणाली.

ती डाळ ढवळत राहिली. हॉलमध्ये बाबा काकांना म्हणत होते की फोन लगेच केला म्हणून वाचलो, हिच्या आईचं डोकं अगदी शांत. तेव्हा मला कळलं, की कुकर माझ्यासाठी माळ्यावर गेलेलाच नव्हता. इतके महिने जी मी माझी सोय समजत होते, ते तिचं स्वतःचं दुखणं होतं. आणि मी मदत म्हणून तिच्या हातात दिलेला फोन ती सगळ्या पाहुण्यांसमोर अजून धरून बसली होती.

मी गॅस बारीक केला. तिच्या हातातली पळी घेतली आणि बाजूला ठेवली. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की त्या सकाळबद्दल तिच्याशी कुणीतरी बोलायला हवं, आणि तेव्हा जाग्या असलेल्या आम्ही दोघीच होतो.

“आई,” मी म्हटलं, “तेव्हा मलाही वाटलं होतं, बाबा गेले.”